मुठीतली काळी रेघ

चाकूच्या मुठीसाठी लाकूड निवडायला मी जेवढे दिवस घेतो, तेवढे बायको निवडायलाही घेतले नव्हते, असं बायकोच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. खोटं नाही ते. तिला मी पोह्याची बशी संपायच्या आत होकार दिला होता. लाकडाचा तुकडा मात्र आठवडाभर खिशात घेऊन हिंडतो. तो हाताला गार लागतो की ऊबदार, घाम आला की निसटतो का, ओला झाल्यावर रंग कसा दिसतो, हे सगळं पाहिल्याशिवाय त्याला करवत लावत नाही.

पांढरकवड्याला हमरस्त्यावर माझं ट्रकचं गॅरेज होतं. तीस वर्षं मी कमानींचे पाटे बदलले. आता गॅरेज मुलगा बघतो आणि मी मुकुटबनजवळच्या आमच्या गावी परत आलो आहे. शेतात कापूस आणि तूर, गोठ्याच्या एका बाजूला माझी भट्टी. तुटलेल्या पाट्यांचं पोलाद इतकं चांगलं असतं की भंगारात देववत नाही, त्यातून हा नाद लागला. पात्याच्या कामात माझी चूक काढणारा अजून भेटायचा आहे. ठोकणं, पाणी पाजणं, धार काढणं, सगळं चोख. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी अब्रू फारशी उरत नाही.

मुठीबद्दल आमच्या भागात लोकांना काही कळत नाही. ज्याला त्याला सागवान हवं. दार सागवानाचं, पलंग सागवानाचा, मग चाकूची मूठ पण सागवानाचीच. अरे, सागवान मऊ. दोनदा ओट्यावर आपटलं की कोपरे बसतात. धामणीचं लाकूड कुऱ्हाडीच्या दांड्याला उत्तम, कारण ते लवतं, पण लवणारी मूठ चाकूला काय करायची? बाभूळ कणखर आहे, पण घाई केली की वाळताना तडकते आणि मला घाई होते. जुन्या टेंभुर्णीच्या पोटात कधी कधी काळंभोर लाकूड निघतं, ते मिळालं तर मी दोन दिवस कुणाशी नीट बोलत नाही. आणि कुणी जंगलात गळून पडलेलं चितळाचं शिंग घेऊन आलं, की त्याला मी भट्टीपाशी उभंही करत नाही. त्याच्यापायी दोघंही आत जाऊ.

मूठ म्हणजे तसं फार काही नसतं. पात्याची मागची पट्टी, तिच्या दोन्ही अंगांना लाकडाचे दोन तुकडे, आरपार पितळी खिळे. पण पोलाद आणि लाकूड यांच्या मध्ये मी एक पातळ थर घालतो. कोटाला असतं तसं अस्तर. कधी पितळेचा पत्रा, कधी तांब्याचा, कधी डिंकात भिजवून दाबलेलं कापड. मुठीच्या पाठीवरून पाहिलं की तिथे एक बारीक रेघ दिसते. तिचा उपयोग काय, असं एका गिऱ्हाइकानं विचारलं तेव्हा मी त्याला म्हटलं, "साडीले काठ कायले असते बाप्पा?"

माझी धाकटी मुलगी वनरक्षकाच्या भरतीला बसली होती. लेखी परीक्षा पास झाली. आता यवतमाळला कागदपत्रं तपासणार आणि त्याच दिवशी मैदानावर धावायचं, एवढंच राहिलं होतं. लेखीच्या दिवशी मशीनवर तिचा उजवा अंगठा घेतला होता. मैदानावर तोच अंगठा जुळायला हवा, म्हणजे तिच्या जागी दुसरं कुणी आलेलं नाही हे कळतं. गेलं वर्षभर ती पहाटे उठून मुकुटबनच्या रस्त्यानं धावत होती. गावातली पोरं हसायची, मग हसायची थांबली. तिला दुसरं काही नको होतं. स्थळं आली ती तिनं आईकडून परस्पर परत पाठवली.

"नोकरी लागली का मी क्वार्टरात एकटी राहीन," ती मला म्हणाली. "मले विळी-पावशी नोको. खाली बसून कापत बसाले टाइम कोनाले हाय? उभ्यानं कापाचा चाकू द्या करून."

मुलीनं पहिल्यांदाच माझ्या कामाचं काही मागितलं होतं. मी हरखून गेलो. मुठीला खैराचं लाकूड घेतलं, लालबुंद, जड, हातात आलं की बसतं. त्या लालावर अस्तराची रेघ काळीच हवी, हे मला पहिल्या दिवशीच दिसलं. काळ्या फायबरच्या पट्ट्या शहरातून कुरिअरनं मिळतात. पण माझ्या पोरीच्या चाकूत कुरिअरचा माल? माझं डोकंच तसं आहे. मला आपल्या मातीतलं काळं हवं होतं, कधी न उडणारं.

आणि मला बिबा आठवला.

बिब्याचं झाड आमच्याकडच्या जंगलात पावलोपावली आहे. त्याच्या काळ्या फळात जळजळीत तेल असतं. धोबी त्या तेलानं कपड्यांवर खुणा करायचे. कपडा फाटून जायचा, खूण जात नसे. तेच तेल माणसाच्या कातडीला लागलं तर फोड येतात, अंग सुजतं. बिबा उतला, म्हणतात. पण सगळ्यांना उतत नाही. मला उतत नाही. लहानपणी पोरं पैज लावून माझ्या दंडावर बिबा घासायची आणि मी उभा राहून हसायचो. साऱ्या गावात मी त्याच गोष्टीसाठी माहीत होतो. साठीला आलो तरी ती ऐट गेली नव्हती.

सुई तापवून एकेका बिब्यात खुपसली, तेल वाटीत उतरवलं, त्यात सुती कापड बुडवलं, वर चुना फिरवला आणि तीन दिवस उन्हात वाळत टाकलं. काय काळं आलं होतं! तेलकट कापडाला गोंद नीट धरेना, तेव्हा मनात म्हटलं, खिळे आहेत की. दाबून खिळे ठोकले, घासलं, वरून जवसाचं तेल पाजलं. लाल लाकडात ती काळी रेघ अशी उठून दिसली, की मी बायकोला चुलीपुढून उठवून दाखवायला आणली. तिनं पाहिलं, चांगली आहे म्हणाली आणि भाकरी करपली म्हणून परत गेली.

मुलीला चाकू दिला तो गुरुवार होता. कसा धरायचा तेही मीच शिकवलं. "चार बोटं खाली अन् अंगठा वरती, मुठीच्या पाठीवर. हं, रेघेवरच ठेव. तिथून जोर भेटते." ती तशीच धरून कांदा कापायला लागली. बोटं न थांबवता ती माझ्याकडे पाहून हसली, आणि मी भरून पावलो.

सोमवारी सकाळी ती अंगणात आली आणि हात पुढे केला. मी चहा पीत होतो. कप माझ्या हातात तसाच राहिला. अंगठ्याचं पेर वांग्यासारखं सुजलं होतं आणि त्याच्यावर पाण्यानं भरलेले फोड एकाला एक लागून होते. कातडी ताणून चकाकत होती. शेजारच्या बोटाच्या कडेलाही पुरळ उठलं होतं. अंगठ्यावरच्या रेषा कुठेच दिसत नव्हत्या. मी आयुष्यात ट्रकखाली चेंगरलेले हात पाहिले आहेत, पण त्यांच्याकडे मला बघवत होतं.

बिबा उतला आहे हे मला बघताक्षणी कळलं. त्यात शोधायचं काही नव्हतं. आणि मला जो राग आला तो तिचाच आला.

"कायले गेलती तांड्यावर? गोडंब्या फोडाले? चार दिवसावर धावनं हाय, अन् तुले बिबे फोडाचे सुचून राह्यले?"

गावाबाहेर बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथल्या बाया त्या दिवसांत बिबे फोडून आतली गोडंबी काढत होत्या. मुलीची एक मैत्रीण तिथे राहते.

"नाही गेली मी, बाबा."

"मंग हे काय हवेतून लागलं?"

"मले नाही मालूम," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुखण्याचं की माझ्या ओरडण्याचं, हे मी पाहिलं नाही. तिच्या आईनं खोबरेल तेल लावलं. मुकुटबनला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मलम आणि गोळ्या दिल्या आणि कशाला हात लागला होता ते विचारलं. ती तेच म्हणाली, माहीत नाही.

मंगळवारी दुपारी मी तांड्यावर गेलो, भांडायला. त्या मैत्रिणीची आई अंगणात दगडावर बिबे ठेवून ठोकत होती. हाताला कोपरापर्यंत तेल आणि राख फासलेली. मी उभ्याउभ्याच सुरू झालो, तुमच्या घरी पोरगी आली होती का, तिला हात कायले लावू दिला, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं. ठोकायची थांबली नाही.

"भिया, तुही पोरगी महिनाभरात इकडं फिरकली नाही," ती म्हणाली. "धावाच्या पायी तिले टाइम कुठी हाय? अन् बिबा असा एका अंगठ्यालेच उतते का? फोडनाऱ्याचे दोनी हात जातात. तोंड जाते. तिनं रोज काय धरलं, ते पाह्य घरी जाऊन."

मी परत फिरलो. दहा पावलं गेलो असेन, आणि रस्त्यातच थांबलो. रोज काय धरलं, अंगठ्यानं. अंगठा वरती, रेघेवर.

घरी येऊन ओट्यावरचा चाकू उचलला. हंड्यातलं कोमट पाणी घेऊन मूठ त्यात धरली आणि पांढऱ्या फडक्यानं पाठ पुसली. फडक्यावर तपकिरी-काळी रेघ उमटली, फुटपट्टीनं ओढावी तशी सरळ. पुन्हा पुसली, पुन्हा उमटली. मी खाली बसलो. तीस वर्षं लोकांच्या गाड्यांचे ब्रेक माझ्या हातून गेले आणि एकाही माणसाला इजा झाली नाही. आणि मी घरात बसून, प्रेमानं, तीन दिवस उन्हात वाळवून, माझ्या मुलीचा अंगठा जाळला होता. मला उतत नाही, म्हणून कुणाला उतेल हे डोक्यातच आलं नाही.

बायको आत आली. "चाकू कायले घेतला?" तिनं विचारलं.

"धार लावाची हाय," मी म्हणालो.

एवढंच. त्याच वेळी सांगता आलं असतं. सांगणार होतो, खरंच. पण आधी फडकं भट्टीत टाकलं, मग चाकू गोठ्याच्या वळचणीला खोचला, मग वाटलं उद्या सांगू, सूज उतरली की सांगू, हसत सांगता येईल. कालच मी तिला अंगणात उभं करून झापलं होतं, ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं होतं. आता कोणत्या तोंडानं सांगायचं? मी माझी अब्रू वाचवत होतो, आणि मला ते कळतही होतं.

बुधवारी ती भट्टीपाशी आली. फोड फुटून कातडी निघायला लागली होती. खाली नवी गुलाबी कातडी होती, गुळगुळीत.

"मशीनवर लागन का बाबा अंगठा?"

"लागन. कायले नाही लागत?"

तिनं अंगठा उजेडात धरून पाहिला. मग खाली मान घालून म्हणाली, "माफ करा बाबा. कुठं तरी लागलाच असन हात, माह्या ध्यानात नाही राह्यलं. तुमी इतकं करून राह्यले माह्यासाठी, अन् मी असं करून बसली."

मी ऐरणीवर हातोडी मारली. गार पोलादावर. "जाय, आराम कर," म्हणालो. मला अजूनही कळत नाही की त्या क्षणी माझी जीभ कशी उचलली गेली नाही. माणूस इतका हलका असू शकतो, हे मला स्वतःबद्दल माहीत नव्हतं.

शुक्रवारी आम्ही दोघं यवतमाळला गेलो. मैदानाच्या दाराशी मांडव टाकला होता, त्यात टेबलं, टेबलांवर मशीनं. आईबापांना दोरीच्या अलीकडे थांबवलं होतं. मी दोरीला लागूनच उभा होतो, तिचं टेबल दहा पावलांवर. तिच्या पाठीवर आणि छातीवर नंबर लावला होता. तिनं अंगठा ठेवला. लाल दिवा. रुमालानं पुसून पुन्हा ठेवला. लाल. तिसऱ्यांदा टेबलावरच्या माणसानं स्वतः तिचा अंगठा धरून दाबला. लालच.

एक अधिकारी मॅडम आल्या. त्यांनी अंगठा पाहिला, अर्जावरचा फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं. "काय झालंय?"

"बिबा उतला, मॅडम."

"कुठे लागला?"

"मालूम नाही."

"मालूम नाही?" मॅडमचा आवाज बदलला. "वनरक्षक व्हायला आलीस. याच जिल्ह्यातली. आणि बिबा कुठे लागला ते तुला माहीत नाही? नेमके तपासणीच्या तोंडावर फोड. बोट मुद्दाम जाळून येणारे आम्ही पाहिलेत. लेखीला कोण बसलं होतं?"

"मीच बसलती, मॅडम. खरंच मालूम नाही मले."

तिला बाजूला उभं केलं. मागच्या मुली पुढे सरकल्या. ती रडत नव्हती, फक्त मान हलवत होती, मालूम नाही, मालूम नाही. आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं, की ती खरं बोलते आहे म्हणूनच ते खोटं वाटतं आहे. त्या जागी सांगण्यासारखं जे उत्तर होतं ते माझ्याकडे होतं, तीन दिवसांपासून, आणि मी ते तिला दिलं नव्हतं.

मी दोरी ओलांडली. एका शिपायानं दंड धरला. मी ओरडूनच बोललो, हळू आवाज निघालाच नाही. "मी केलं ते, मॅडम! मी चाकू बनवतो. मुठीत बिब्याचं कापड घातलं. तिचा अंगठा तिथं टेकत होता. तिले काहीच मालूम नाही!" आणि दोन्ही हात पुढे केले. नखांच्या कडांना, बोटांच्या भेगांत बिब्याचा काळा डाग अजून होता. भट्टीवाल्याचे हात काळेच असतात, म्हणून घरात तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. मॅडमनी वाकून पाहिला. त्या जंगलात फिरलेल्या असाव्यात, त्यांना तो काळा ओळखू आला.

त्यांनी माझ्याकडून सगळं लिहून घेतलं, सही घेतली, मुलीचे नवे फोटो काढले. आज धावू द्या, म्हणाल्या, निकाल राखून ठेवा, महिन्यानं कातडी आली की अंगठा पुन्हा घेऊ. पुढे तो अंगठा जुळला आणि ती लागलीही, पण त्या सकाळी हे आम्हा दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. ती टेबलापाशी उभी राहून माझा कागद वाचत होती. कधी काय झालं आणि मला ते कधी कळलं, हे मॅडमनी माझ्याकडून तारीख-वारासकट लिहून घेतलं होतं.

ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, चाकूबद्दल बोलेल. काहून घातलं बिब्याचं कापड, असं विचारील. त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं.

"मंगळवारी मालूम झालतं तुमाले?"

"हो."

मैदानातून नंबर पुकारायला लागले. तिचा नंबर आला. तिनं बुटाची नाडी पाहिली, ती बांधलेलीच होती.

"बुधवारी मी तुमची माफी मांगितली, बाबा," ती म्हणाली, आणि धावायला गेली.